कोठडीत मारहाण झाली तर पोलिसांना कोर्टापुढं कसं उभं करायचं

‘कोठडीतला छळ’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा भारतीय कायद्यात आजही नाही. छळाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण त्याला रीतसर मान्यता दिली नाही. २०१० साली छळ प्रतिबंध विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या प्रवर समितीकडं गेलं, समितीनं अहवालही दिला, पण राज्यसभेत ते मंजूर झालंच नाही. २०१७ मध्ये विधी आयोगानं २७३ व्या अहवालात नवा मसुदा दिला, त्याचाही कायदा झाला नाही. त्यामुळं आपल्याला लढायचं ते दुखापत, बेकायदा डांबून ठेवणं, खोटी कागदपत्रं, खून अशा नेहमीच्या कलमांवर.

या कलमांवर पोलिसांना जाब विचारता येतो. पण माझं ठाम मत आहे की अशा प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांतच लागलेला असतो. त्या काळात कुठले कागद तयार झाले, कुठले होऊ दिले नाहीत, यावर पुढची दहा वर्षं चालतात. उच्च न्यायालय असो की मानवाधिकार आयोग, सगळे तेच कागद उघडून बघतात. म्हणून हा लेख सुरुवातीच्या दिवसांवर जास्त रेंगाळतो.

माणूस नेमका कुठं आहे

घरातल्या कुणाला ‘चौकशीला’ म्हणून नेलं आणि रात्र झाली तरी तो परतला नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मारहाणीचा धोका सर्वांत जास्त असतो तो अटक कागदावर येण्याआधीच्या तासांत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणारा, सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३६ प्रमाणं अटकेचा पंचनामा जागेवर करावा लागतो, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. कलम ४८ प्रमाणं नातेवाइकाला कळवावं लागतं. कलम ३७ प्रमाणं अटक केलेल्यांची नावं पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात दिसतील अशी लावावी लागतात.

ठाण्यात एकट्यानं जाऊ नका. ‘साहेब, याला अटक झाली आहे का, असेल तर कधी आणि कोणत्या गुन्ह्यात?’ असं विचारा आणि ‘नाही, नुसतं विचारपूस करायला आणलंय’ हे उत्तर मिळालं तर ते वेळेसकट लिहून ठेवा. हेच उत्तर पुढं तुमच्या कामी येतं, कारण अटक नसताना रात्रभर बसवून ठेवणं म्हणजे बेकायदा डांबणं. लगेच ११२ वर फोन करा, त्याची नोंद राहते. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना ईमेल करा, मजकूर चार ओळींचा पुरे: नाव, किती वाजता, कुणी, कुठून नेलं. त्या ईमेलवर आपोआप पडणारी तारीख आणि वेळ म्हणजे तुमचा पहिला पुरावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं हजर केलं नाही, किंवा माणूस आपल्याकडं नाहीच असं ठाणं म्हणू लागलं, तर थेट उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी याचिका. मुंबईसह नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, जे जवळ आणि ज्याच्या हद्दीत आहे तिथं.

दुसऱ्या राज्याचे पोलीस नेत असतील तर जास्त सावध व्हा. जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करून ट्रान्झिट रिमांड (आपल्या राज्यात नेण्याची कोर्टाची परवानगी) घेतल्याशिवाय त्यांना माणूस घेऊन जाता येत नाही. हा रिमांड म्हणजे नुसता शिक्का नव्हे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं गौतम नवलखा यांचा ट्रान्झिट रिमांड रद्द केला. पुणे पोलिसांची कागदपत्रं मराठीत होती आणि दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यानं ती समजून न घेताच रिमांड दिला, हा त्यातला एक मुद्दा होता. त्या कोर्टात वकील उभा करा, नेण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणीचा आदेश मागा. ताब्यात देणाऱ्याचीही जबाबदारी असते, हे तत्त्व जगभर मान्य होत चाललं आहे. खालिद अल-मसरी या जर्मन नागरिकाला मॅसिडोनियानं २००३ च्या अखेरीस पकडून पुढं अमेरिकेच्या सीआयएकडं सोपवलं. अमेरिकेच्या कोर्टांनी सरकारी गुपिताचं कारण देत त्याचा दावाच ऐकला नाही. पण युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१२ मध्ये मॅसिडोनियाला दोषी धरून ६०,००० युरो द्यायला लावले. मोठं दार बंद असेल तेव्हा माणूस कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, ती साखळी तपासून पाहायची असते.

रिमांडचा दिवस

कोर्टात आरोपी उभा राहिला की न्यायाधीश एक प्रश्न विचारतात: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ बहुतेक आरोपी मान हलवून ‘नाही’ म्हणतात, कारण ज्यानं रात्री मारलं तोच दोन हातांवर उभा असतो आणि संध्याकाळी परत त्याच्याच ताब्यात जायचं असतं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिलं जातं: ‘तक्रार नाही.’ ही दोन शब्दांची नोंद पुढं डोंगराएवढी होते.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सभागृहाला हेच सांगितलं होतं, की दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यानं मारहाणीची तक्रार केली नव्हती. त्या प्रकरणाचं पुढं काय झालं ते खाली येईल.

म्हणून रिमांडआधी वकिलानं आरोपीशी पाच मिनिटं एकट्यानं बोलणं फार महत्त्वाचं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पण प्रत्यक्षात ही भेट कोर्टाच्या व्हरांड्यातच होते. सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातल्या आरोपीच्या अपिलात, असं ठरवलं की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यायची. ते दोन तास कारणांबरोबरच अंगावरच्या खुणा बघायलाही वापरा.

आरोपी घाबरलेला असेल तर वकिलानं न्यायाधीशांना विनंती करावी की पोलिसांना बाहेर थांबवून आरोपीला विचारावं. ही विनंती तोंडी करून भागत नाही, लेखी अर्ज द्या. अर्जात असा मजकूर हवा:

‘दि. … रोजी रात्री साधारण अकरा वाजता पोलीस ठाण्याच्या पहिल्या मजल्यावरील खोलीत मला जमिनीवर पालथं झोपवून दोघांनी पाय धरले व तिसऱ्यानं दोन्ही तळपायांवर पट्ट्यानं मारलं. मारणाऱ्यास इतर कर्मचारी … या नावानं हाक मारत होते. उजव्या मांडीच्या मागील बाजूस व डाव्या दंडावर वळ आहेत. माझी सरकारी रुग्णालयात, पोलीस बाहेर ठेवून, तपासणी करावी.’

‘मला अमानुष मारहाण झाली’ या वाक्याचा कोर्टात काही उपयोग होत नाही. जागा, वेळ, हत्यार, शरीराचा भाग आणि नाव हे पाच तपशील असतील तर उपयोग होतो. नाव माहीत नसेल तर उंची, मिशी, बोलण्याची ढब, काहीही चालेल. वळ उघडे करून न्यायाधीशांना दाखवा आणि ‘न्यायालयानं स्वतः पाहिलं’ अशी नोंद रोजनाम्यात यावी असा आग्रह धरा. त्याच दिवशी रोजनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा.

पहिल्या तारखेला भीतीनं ‘नाही’ म्हटलं गेलं असेल तरी सगळं संपत नाही. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मिळाली, म्हणजे माणूस तुरुंगात गेला, की पुढच्याच तारखेला तक्रार द्या आणि आधी का बोललो नाही हेही लिहा. तुरुंगात दाखल होताना तिथला डॉक्टर अंगावरच्या जखमा नोंदवतो. ती नोंद पोलिसांच्या हातात नसते म्हणून तिचं वजन जास्त. मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मुळं पंधरा दिवसांची पोलीस कोठडी गुन्ह्यानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येते. तुरुंगात पोहोचलेला माणूस पुन्हा ठाण्यात नेला जाऊ शकतो. तक्रार केल्यानंतर अशी मागणी आली तर तिला लेखी विरोध करा.

डॉक्टर काय लिहितो

अटक झाल्यावर लगेच तपासणी करायची आणि त्यात जखमा, मारहाणीच्या खुणा व त्या साधारण केव्हाच्या आहेत हे लिहायचं, असं कलम ५३ सांगतं. अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दर ४८ तासांनी तपासणीचा नियम घातला. प्रत्यक्षात गर्दीच्या ओपीडीत, बाजूला हवालदार उभा असताना, डॉक्टर विचारतो ‘काही त्रास?’ आणि कागदावर येतं ‘ताज्या बाह्य जखमा नाहीत’.

असं होऊ नये म्हणून आरोपीला आधीच सांगून ठेवा: कपडे काढून दाखवायचं, तळपाय दाखवायचे, ‘कशानं झालं’ हे डॉक्टरला स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि ते लिहून घ्यायला लावायचं. ‘पडलो’ असं कधीही म्हणू नका, कितीही सांगितलं गेलं तरी. वळांचा रंग दिवसागणिक बदलतो, लालसर, मग निळाजांभळा, मग हिरवट, पिवळट, आणि दोनेक आठवड्यांत बहुतेक पुसले जातात. आधीची तपासणी फसवी वाटली तर कोर्टाकडून दुसरी तपासणी मागा, शक्यतो दुसऱ्या सरकारी रुग्णालयात, फोटोंसह. जामिनावर सुटलेला माणूस असेल तर घरी जाण्याआधी रुग्णालयात न्या आणि एमएलसी, म्हणजे कायदेशीर प्रकरण म्हणून रुग्णालयाची नोंद, करून घ्या. फोटो काढताना चेहरा आणि जखम एका चौकटीत असलेला एक, मग शेजारी पट्टी ठेवून जवळून एक.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. खूप मार लागल्यावर स्नायू आतून फुटतात आणि त्यातला कचरा मूत्रपिंडात अडकतो. लघवी काळ्या चहासारखी झाली, कमी झाली किंवा थांबली तर तासही घालवू नका. रक्तात सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी चाचणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) तपासायला सांगा. त्वचेवर फार काही दिसत नसताना हे आकडे वाढलेले असतील, तर ते उपचाराला लागतातच आणि कोर्टातही मार किती होता ते सांगतात.

छळाच्या खुणा कशा नोंदवायच्या याची ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९९ पासून आहे. तिच्यात मनावरच्या परिणामांनाही शरीराइतकंच महत्त्व आहे. झोप उडणं, दचकणं, लघवीवरचा ताबा जाणं, हे सगळं मानसोपचारतज्ज्ञाकडून नोंदवून घ्या. वळ गेल्यावर तेवढंच उरतं.

फुटेज

परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, लॉकअप, व्हरांडे, फौजदारांच्या खोल्या यांसह सगळीकडं कॅमेरे लावायला सांगितलं. फुटेज १८ महिने ठेवायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर जास्तीत जास्त काळ, पण वर्षापेक्षा कमी नाही. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर मात्र आजही सर्रास येतं. म्हणून पहिल्याच दिवशी ठाणेदार आणि अधीक्षक दोघांनाही लेखी कळवा की अमुक तारखेच्या अमुक वेळेचं फुटेज आणि स्टेशन डायरी जपून ठेवा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या, देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा. रिमांड कोर्टातही तोच अर्ज द्या. माहिती अधिकारात जीवित व स्वातंत्र्याचा मुद्दा मांडून ४८ तासांत उत्तर मागता येतं. समोरच्या दुकानाचा किंवा चौकातला कॅमेराही विसरू नका. माणूस चालत आत गेला आणि उचलून बाहेर आणला, एवढं दिसलं तरी पुष्कळ.

गुन्हा नोंदवताना

त्याच ठाण्यात तक्रार घेतली जाणार नाही हे गृहीत धरा. पण नकाराचाही कागद हवा, म्हणून आधी तिथंच द्या. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून बोळवण करतील किंवा ‘अर्ज चौकशीवर ठेवलाय’ म्हणतील. झीरो एफआयआरसाठी, म्हणजे हद्द न पाहता गुन्हा नोंदवायला, दुसऱ्या ठाण्यात जाता येतं. मग कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना अर्ज, आणि तिथंही काही झालं नाही तर तपासाचा आदेश मागायला प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडं, कलम १७५(३) खाली.

कबुलीसाठी मारहाण केली तर भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षा सांगणारा, आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १२० लागतं, साध्या दुखापतीला ७ वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला १० वर्षांपर्यंत शिक्षा. डांबून ठेवल्याबद्दल कलम १२७, खोटी सरकारी कागदपत्रं बनवल्याबद्दल २०१, पुरावा नष्ट केल्याबद्दल २३८. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायदा पहिल्या अर्जातच घाला. फासेपारध्यांच्या पालांवर चोरीच्या संशयानं घातल्या जाणाऱ्या धाडींमध्ये हा कायदा लावायचं हमखास ‘राहून’ जातं, आणि नंतर घालायला फार झगडावं लागतं.

नागरिक सुरक्षा संहितेनं एक अडथळा वाढवला आहे. सरकारी नोकराविरुद्ध कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याची तक्रार असेल, तर कलम १७५(४) प्रमाणं दंडाधिकाऱ्यानं तपासाचा आदेश देण्याआधी वरिष्ठांचा अहवाल मागवायचा आणि त्या नोकराचं म्हणणंही पाहायचं. यावर तुमचा मुद्दा सुरुवातीपासून एकच असू द्या: तळपायावर पट्टे मारणं हे कर्तव्य नाही, म्हणून ही तक्रार १७५(३) ची आहे.

मृत्यू झाला किंवा ‘आरोपी पळाला’ असं सांगितलं तर

‘आरोपी पळाला’ या वाक्यावर कधीही विश्वास ठेवून घरी बसू नका. ख्वाजा युनूस हा परभणीचा तरुण अभियंता घाटकोपर स्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, जीपला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्यानं मात्र त्याला मारताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिल्याचं सांगितलं. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे ‘पळाला’ असंच सांगितलं होतं. त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं नंतर उघड झालं.

कोठडीतला मृत्यू, कोठडीतून बेपत्ता होणं आणि कोठडीतला बलात्कार, तिन्हींत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक आहे. तहसीलदार किंवा प्रांताची चौकशी पुरेशी नाही, तीवर समाधान मानू नका. नातेवाइकांना चौकशीची खबर मिळण्याचा आणि तिथं हजर राहण्याचा हक्क आहे, तो वापरा. वकिलासह जबाब द्या, सोबतच्या कैद्यांची नावं द्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तरी तुम्ही स्वतःही कळवा.

शवविच्छेदनाच्या बाबतीत आग्रह धरा: इन-कॅमेरा, चित्रीकरणासह, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात. इन्क्वेस्ट (मृतदेहाच्या) पंचनाम्याला घरचा माणूस उभा राहू द्या, तळपाय, पाठ, कुल्ले, मनगटं बघा. दुःखात हे बघवत नाही, म्हणून सोबत खंबीर असा एखादा जवळचा नातलग घ्या. शंका असेल तर अंत्यविधीची घाई करू नका, दुसरं शवविच्छेदन मागता येतं.

सोमनाथ सूर्यवंशींच्या बाबतीत हेच उपयोगी पडलं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळं आलेला शॉक हे कारण नोंदलं गेलं. न्यायदंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा दाखल होईना, तेव्हा त्यांची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. सभागृहात सांगितलेल्या ‘तक्रार नव्हती’पेक्षा टेबलावरचं शरीर आणि चौकशीचा अहवाल भारी ठरले. चौकशी अहवाल आपोआप गुन्ह्यात बदलत नाही, हेही यातून लक्षात घ्या. त्यासाठी कुणाला तरी कोर्टाचं दार वाजवावंच लागतं.

परवानगीची भिंत आणि सहा महिन्यांचा सापळा

आरोपपत्र तयार झालं तरी सरकारची मंजुरी आडवी येते. ख्वाजा युनूस प्रकरणात सीआयडीनं १४ पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारनं खटल्याला परवानगी दिली फक्त चौघांवर. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये सरकारला १२० दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय नाही झाला तर परवानगी दिली असं धरलं जातं. म्हणून प्रस्ताव मंत्रालयात कधी पोहोचला ती तारीख माहिती अधिकारात मिळवा आणि दिवस मोजत राहा.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या वकिलांना पटकन आठवत नाही: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १६१. पदाच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत दावा किंवा खटला दाखल झाला पाहिजे, सरकारच्या परवानगीनं खटल्याला दोन वर्षं. बचाव पक्ष हे हत्यार हमखास काढतो. त्यावर उत्तर आहे. मद्रासच्या अशाच कलमावर वेणुगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकातच सांगितलं, की संशयिताला कबुलीसाठी मारणं हे कायद्यानुसार केलेलं काम धरता येत नाही आणि त्याला हे संरक्षण नाही. पण या वादात पडण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत थेट कोर्टात खासगी फिर्याद दाखल करून मोकळं व्हा.

भरपाई, आयोग आणि दबाव

भरपाईसाठी फौजदारी निकालाची वाट पाहावी लागत नाही. ओडिशाच्या नीलाबती बेहरा यांनी कोठडीत मेलेल्या मुलाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, तेच याचिका मानून १९९३ मध्ये दीड लाख रुपये मंजूर झाले. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हीच मागणी करता येते. मानवाधिकार आयोगाकडं जायचं तर वर्षाच्या आत, आणि राष्ट्रीय किंवा राज्य यांपैकी एकच निवडा, कारण एकाकडं चालू असलेलं प्रकरण दुसरा घेत नाही. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडचा मार्ग खातेनिहाय कारवाईसाठी आहे.

तक्रार झाली की उलट गुन्हा येतो, बहुधा न्याय संहितेच्या कलम १३२ चा, सरकारी कामात अडथळा. गावातला कुणी मध्यस्थ घरी येतो, ‘मिटवून टाका’ म्हणतो. अशा प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि बोलणं वहीत लिहा, फोन आला तर रेकॉर्ड करा. साक्षीदारांना धमक्या येत असतील तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवरच्या सक्षम प्राधिकरणाकडं अर्ज करा आणि तपास दुसऱ्या जिल्ह्याकडं किंवा सीआयडीकडं द्यावा अशी याचिका करा. सहआरोपी कैदी साक्षीदार असेल तर त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवण्याची मागणीही त्याच याचिकेत घाला.